कारभार हाती आला, आता झोपेचं बघा

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडते आणि तिथून मार्चपर्यंत आमच्या कृष्णाकाठाला रात्र अशी उरतच नाही. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितकी त्यातली साखर घटते, म्हणून कारखाना चोवीस तास चालतो. कारखाना चालतो म्हणून वजनकाटा चालतो, ट्रॅक्टर चालतात, टोळ्या चालतात, आणि या सगळ्यांचे फोन ज्याच्याकडे येतात तो, आपल्या भागातल्या ऊसतोडीचं बघणारा गट अधिकारीही चालतो. मी शेती विभागात चौदा वर्षं काढली, त्यातली नऊ गट अधिकारी म्हणून. आता पलूसकडं घरची शेती बघतो.

नवीन जबाबदारी मिळालेली पोरं अजून घरी येतात. कुणी गट अधिकारी झालेला असतो, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीप्रमुख, कुणी पहिल्यांदाच सरपंच झालेली ताई. माणसं कशी सांभाळायची, सभेत कसं बोलायचं, जुनी खोडं कशी वळवायची, हे त्यांचे प्रश्न. मी आधी विचारतो, "रात्री किती वाजता झोपता?" बहुतेक जण हसतात. एकाने तर छाती काढून सांगितलं, "साहेब, चार तासांवर चालतंय माझं." त्याच्यासाठीच हे लिहितोय म्हणा ना.

आधी माझीच फजिती सांगतो. जानेवारीतली गोष्ट. बारा-तेरा दिवस चार-साडेचार तासांच्या वर झोप नव्हती. पहाटे साडेपाचला जतकडचा एक मुकादम ऑफिसच्या दारात उभा. अकरा कोयत्यांची त्याची टोळी, म्हणजे बावीस माणसं, पहाटेपासून थंडीत उसाच्या एका फडाच्या बांधावर बसून होती, कारण त्या फडात दुसरीच टोळी आधी उतरली होती. त्याने तोंड उघडायच्या आत मी त्याच्यावर ओरडलो. कुठल्या फडात तोडायचं त्याची चिठ्ठी तुम्हा लोकांना वाचता येत नाही, इथपर्यंत बोललो. तो गप्प उभा राहिला. माझं बोलून झाल्यावर त्याने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, टेबलावर सरळ केली आणि म्हणाला, "सायेब, रात्री झोपला न्हाईसा वाटतं. चिठ्ठी तुमच्याच हातची हाय." अक्षर माझं, सही माझी, शेताचा गट नंबर चुकलेला. आणि ती चिठ्ठी लिहिल्याचं मला काही केल्या आठवेना. त्याने ना भांडण केलं ना तक्रार. पुढच्या हंगामात फक्त माझ्या गटात आला नाही.

कमी झोपेत काय काय जातं ते या एका सकाळीत सगळं आलं. लक्ष गेलं, म्हणून नंबर चुकला. तोल गेला, म्हणून ओरडलो. पण सगळ्यात आधी गेली होती ती आपण ठिकाणावर नाही याची जाणीव. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. काही धडधाकट माणसांना सलग चौदा रात्री सहा तास, काहींना चारच तास झोपू दिलं. चौदा दिवसांनी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली होती. गंमत पुढं आहे. त्यांना विचारलं तर ती म्हणायची, थोडी पेंग येते, बाकी ठीक आहे. "चार तासांवर चालतंय माझं" हे वाक्य त्यामुळंच मी मनावर घेत नाही. चालतंय की नाही हे बघणारा डोळाच तेव्हा मिटलेला असतो.

आणखी एक हिशेब सांगतो, तो पोरांना पटकन कळतो. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं. आपल्याकडं गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे पाचला उठलेला सरपंच रात्री दहाला बैठकीत भांडण मिटवायला बसतो तेव्हा दारूचा थेंब न घेताही तो गाडी चालवायच्या लायकीचा उरलेला नसतो, आणि आपण त्याला दोन भावांच्या बांधाचा न्याय करायला बसवतो.

सुरुवात एका वहीपासून

पहिले आठ दिवस काही बदलू नका. उशाला दोन रुपयांचं पेन आणि एक वही ठेवा. दिवा कधी मालवला, रात्री किती वेळा उठलात आणि कशानं, सकाळी किती वाजता उठलात, शेवटचा चहा कधी घेतला, एवढंच लिहायचं. संध्याकाळी एक आकडा आणखी मांडायचा : आज किती वेळा आवाज चढला. हा आकडा स्वतः ठरवू नका, घरच्यांना किंवा ऑफिसातल्या शिपायाला विचारा. माझ्या बायकोने पहिल्या दिवशी सात सांगितला, मी स्वतः दोन धरला होता.

आठ दिवसांनी बेरीज करा. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास लागतात. काहींना आठ लागतात, त्यात आळशीपणा काही नाही. पाच-सहा तासांवर खरोखर ठणठणीत राहणारी माणसं असतात, पण ती इतकी थोडी की आपण त्यातले आहोत असं धरून चालूच नये. हातातल्या घड्याळात गाढ झोप अमुक मिनिटं, हलकी तमुक मिनिटं असं दिसतं, त्याच्या मागे लागू नका. एकूण तास आणि दुपारी अकारण येणारी पेंग, एवढं बघितलं तरी पुरे. वहीत एक गोष्ट जवळपास प्रत्येकाला सापडते : ज्या दिवशी आवाज जास्त वेळा चढला त्याच्या आदली रात्र आखूड असते. कमी झोपेत मेंदूतलं राग-भीतीचं केंद्र जास्त भडकतं आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग ढिला पडतो, हे मेंदूच्या चित्रणातही दिसलेलं आहे. पण चित्रणापेक्षा वही लवकर पटते.

झोपायची नव्हे, उठायची वेळ बांधा

नवीन माणूस ठरवतो, उद्यापासून दहाला झोपायचं. पहिल्याच रात्री कुणाचा तरी ट्रॅक्टर रुततो आणि नेम मोडतो. झोपायची वेळ आपल्या हातात कमी असते, उठायची जास्त असते. म्हणून आधी उठायची वेळ ठरवा, समजा साडेपाच, आणि रविवारीही तीच ठेवा. उठल्यावर अर्ध्या तासात उजेडात या. गोठ्यात जा, रानात चक्कर मारा, नाहीतर कृष्णेच्या घाटावर जाऊन या. शरीरातलं घड्याळ उजेडावर लागतं. ते पेशीत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. आमच्या आज्जीला नोबेलची गरज नव्हती, ती कोंबडा आरवला की अंगणात असायची आणि रात्री नऊला तिचा डोळा लागलेला असायचा.

रात्र आखूड गेली तर दुसऱ्या दिवशी दुपारी वीस-पंचवीस मिनिटं पडा, तेही तीनच्या आत. अमेरिकेच्या नासाने लांबच्या विमानांच्या वैमानिकांना आलटूनपालटून थोडा वेळ झोपू दिलं होतं. सरासरी २६ मिनिटांच्या डुलकीने त्यांची सावधता स्पष्ट सुधारली. आपल्या वामकुक्षीला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठून आणायचं! पण रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रिचवून अडीच तास ताणून देणं म्हणजे वामकुक्षी नाही. तसं झोपलात की संध्याकाळी डोकं जड आणि रात्री बारापर्यंत छताकडं बघत बसणं आलं.

ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांच्यापुढं आणखी एक अडचण. रात्रीची लाईट. जिथं अजून शेतीपंपाला काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री थ्री फेज मिळते, तिथं रात्रीच्या पाळीत पाण्याची दारं धरायला जावं लागतं. त्या आठवड्याचं वेळापत्रक आधी बघा आणि कारभारातली जोखमीची कामं त्यात घालू नका. मासिक सभा, हिशेबाची तपासणी, कुणाला कामावरून काढायचं असेल तर ते, हे सगळं दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात ठेवा. ठिबक आणि ऑटो असेल तर मोटर आपसूक चालू होते, पण ऑटोच्या भरवशावर झोपलेला माणूसही तीनदा उठून आवाज ऐकतो, हा माझा अनुभव. पाणी द्यायचं काम त्या आठवड्यापुरतं मजुरीवर देऊन बघा. शंभर-दोनशे वाचवायला आपण दुसऱ्या दिवशीचं डोकं विकतो.

चहाचा प्रश्न

हा विषय लहान वाटतो, पण नव्या सरपंचाला सगळ्यात जड जातो. आमच्याकडं घरी आलेल्याने चहा नाही म्हटलं तर त्या घराला राग येतो, आणि सरपंचाने नाही म्हटलं तर त्याचा अर्थ लावला जातो. एका ताईने मोजून मला सांगितलं होतं, पहिल्या महिन्यात एका दिवसात चौदा कप झाले.

जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते जितकं साठेल तितकी झोप दाटते. चहातलं कॅफिन ते द्रव्य कमी करत नाही, फक्त मेंदूला त्याची वार्ता लागू देत नाही. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातला निम्मा रात्री अकराला तुमच्यासोबत अंथरुणात असतो. काहींना चहा घेऊनही झोप लागते, पण ती वरवरची होते. तेव्हा दुपारी दोन-अडीचनंतर चहा बंद. मान राखायचा असेल तर युक्त्या आहेत. "वहिनी, आज ताक असलं तर द्या" असं आपणच आधी म्हणायचं. मागून घेतलेल्या वस्तूचा मान जास्त असतो. नाहीतर बशीत दोन घोट घेऊन बाकी गप्पांत थंड होऊ द्यायचा. महिनाभरात गावाला कळतं की सरपंच दुपारनंतर ताक घेतात, आणि मग कुणी आग्रह करत नाही.

माव्याचंही तेच. तंबाखूतलं निकोटिन जागं ठेवणारं आहे, आणि रात्रीच्या जागरणाला मावा लागतो म्हणणारा माणूस हळूहळू माव्यामुळं जागरण करायला लागतो. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण मध्यरात्रीनंतर ती तुटते. धाब्यावरच्या बैठकीला जायचंच असेल तर जेवून या, नुसतं बसायला जाऊ नका. एवढं बोललो तरी पोरं कुणाकडं तरी बघून हसतात, मग मी पुढच्या मुद्द्याकडं वळतो.

तुम्हाला कुणी उठवायचं?

गट अधिकाऱ्याचा फोन रात्री किती वेळा वाजतो याची मी एका हंगामात वही ठेवली होती. ट्रॉली काट्यावर उभी आहे, टोळीतल्या कुणाला ताप आहे, ड्रायव्हर डिझेलला पैसे मागतोय, तोडीच्या चिठ्ठ्या नेणारा चिटबॉय फोन उचलत नाही, माझा ऊस कधी जाणार. त्यातले खरोखर मला उठवण्यासारखे फोन आठवड्याला एक-दोन असायचे. बाकी सगळे एकतर दुसऱ्याने सोडवता आले असते किंवा सकाळपर्यंत थांबले असते.

एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, कशासाठी मला झोपेतून उठवायचं. माझ्या कागदावर चार ओळी होत्या : माणसाला इजा झाली, आग लागली, पाणी शिरलं, पोलीस आले. सरपंचाच्या कागदावर पाण्याची टाकी फुटणं किंवा गावात मारामारी असेल, पाळीप्रमुखाच्या कागदावर मशीन बंद पडून सगळी लाईन थांबणं असेल. या यादीबाहेरचं काम रात्री कोण बघणार त्याचं नावही त्याच कागदावर लिहा आणि त्याला निर्णयाचा अधिकार द्या. अधिकार म्हणजे किती, तेही लिहा. डिझेलला हजार रुपयांपर्यंत तू देऊन टाक, मला विचारू नको. नुसतं "तू बघ" म्हटलेला माणूस दर वेळी तुम्हालाच फोन करतो, कारण पैसे बुडाले तर शिव्या कुणाला बसणार हे त्याला माहीत असतं.

पहिल्या आठवड्यात तो चुकणार. चुकू द्या. सकाळी चहा घेताना विचारा, असं का केलंस, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा. त्याने रात्री घेतलेला निर्णय सगळ्यांसमोर फिरवलात की त्या दिवसापासून तुमची झोपमोड पुन्हा सुरू झाली म्हणून समजा. मी हे एकदा केलं आहे. पुढचे दोन महिने त्याने पंक्चर निघालं तरी मला उठवलं, आणि मला काही बोलायला तोंड नव्हतं.

फोन उशाला नको, पण वाजला की ऐकू येईल इतका लांब ठेवा. यादीतले तीन-चार नंबर वाजू द्या, बाकी गप्प. व्हॉट्सअ‍ॅपचे गट साडेनऊला मुके करा. नव्या कारभाऱ्याला वाटतं, रात्री अकराला गटात कुणी काहीतरी टाकलं आणि आपण उत्तर दिलं नाही तर लोक म्हणतील सरपंच झोपलेत. म्हणू देत, खरंच झोपलेले असा.

रात्री करायची नाहीत अशी कामं

रात्री नऊनंतर मी चार गोष्टी करत नाही. पैशाच्या कागदावर सही करत नाही, कुणाला रागावणारा मेसेज लिहीत नाही, कुणाला शब्द देत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आखत नाही. रागाचा मेसेज फारच आतून आला असेल तर वहीत लिहून ठेवायचा. सकाळी वाचला की त्यातला निम्मा राग आपलाच आपल्याला हास्यास्पद वाटतो. उरलेला निम्मा खरा असतो, तो बोलून दाखवावा, समोरासमोर आणि एकट्याला.

समोरचा घाईला आला असेल तर त्याला सरळ सांगावं, "मी आता सतरा तास जागा आहे, सकाळी सातला या." पहिल्यांदा लोक चमकतात. पुढं पुढं त्यांनाही ते सोयीचं पडतं, कारण सातला झालेला निर्णय नऊला बदलत नाही.

रात्रपाळी असेल तर

कुपवाडच्या किंवा पलूसच्या एमआयडीसीत नव्याने पाळीप्रमुख झालेल्याला वरचं निम्मं लागू होत नाही. रात्र जागायचीच आहे, मग दिवसाची झोप रात्रीसारखी सांभाळायला लागते. सकाळी घरी येताना डोळ्यावर काळा चष्मा लावा, म्हणजे सकाळचा उजेड शरीराला पुन्हा जागं करणार नाही. खोलीला जाड पडदा, पंखा चालू, दाराला पाटी. आमच्या भागात दिवसा झोपणाऱ्याला घरची माणसंही निवांत माणूस समजतात. "झोपलाच आहेस तर जरा गॅसची टाकी आणून दे." हे घरच्यांना एकदा बसून समजावलंच पाहिजे. सलग सात तास जमत नसतील तर सकाळी पाच आणि संध्याकाळी कामावर जायच्या आधी दीड-दोन, असे दोन तुकडे चालतात.

पाळीत पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात वाईट काळ. शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तेव्हा तळाला असतात. थ्री माइल आयलंडचा अणुभट्टीचा अपघात १९७९ साली पहाटे चारच्या सुमाराला सुरू झाला, चेर्नोबिलचा १९८६ साली रात्री १ वाजून २३ मिनिटांनी. कारणं अनेक होती, पण घड्याळही विसरू नये. म्हणून पहाटेच्या त्या दोन तासांत एकट्या माणसावर जोखमीचं काम ठेवू नका. व्हॉल्व्ह, वजन, भट्टीचं तापमान, जे काही असेल ते दोघांनी बघायचं आणि एकाने मोठ्याने वाचून दाखवायचं. नवीन माणसाला शिकवणी तेव्हा नको. आणि पाळीप्रमुखाने स्वतः त्या वेळेत केबिनमध्ये बसू नये, शेडमध्ये फिरावं. बसला की गेला.

पाळी सुटल्यावर मोटारसायकल ही खरी जोखीम. हंगामात रस्त्यावर लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, आणि पेंगलेल्या डोळ्याला त्या शेवटच्या क्षणी दिसतात. दोन जांभया लागोपाठ आल्या, मागचा मैल कसा गेला आठवत नाही, की गाडी बाजूला घ्या. चहा घ्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. चहा अंगात भिनेपर्यंत झोप होते, उठताना दोन्हीचा आधार मिळतो. तोंडावर पाणी मारून आणि गाणी लावून फार तर पाच मिनिटं निघतात.

महापुराचं जागरण

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. त्या वेळी आमच्या शेजारच्या गावचा कारभारी दोन दिवस डोळ्याला डोळा न लावता उभा होता. सगळं गाव त्याचं नाव काढायचं, आणि माणूस खरंच तसाच. पण दुसऱ्या रात्री त्याने शाळेच्या खोल्या जनावरांसाठी उघडायला सांगितल्या आणि तासाभरापूर्वी त्याच खोल्या त्याने तीन वाड्यांतल्या माणसांना देऊ केल्या होत्या. दोन्हीकडची मंडळी पावसात शाळेच्या दारात एकमेकांच्या अंगावर गेली. ते मिटवायला पहाट झाली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही आमच्या गावात पहिलं काम केलं ते पाळ्या लावायचं. सहा-सहा तासांच्या दोन तुकड्या, प्रत्येक तुकडीला एक प्रमुख, आणि त्या सहा तासांत त्याचाच शब्द. सरपंच असो नाहीतर कुणीही, पाळी संपली की घरी नाही, वरच्या वस्तीवर जाऊन झोपायचं, कारण घरी गेला की लोक शोधत येतात. पाळी बदलताना एका फळ्यावर चार गोष्टी : कोण कुठं हलवलं, कुणाला काय शब्द दिला, होडी कुठं आहे, औषध कुणाला लागतं. त्यातली "कुणाला काय शब्द दिला" ही ओळ आम्ही शेजारच्या गावावरून शिकलो होतो.

संकट दोन-चार तासांचं असेल तर जागावं, त्यात वाद नाही. पण पूर आठ दिवस राहतो, आणि शहाण्या डोक्याची गरज पाणी ओसरताना सगळ्यात जास्त असते, पंचनाम्यांच्या वेळी.

बाकी शरीराचं थोडक्यात

रात्रीचं जेवण झोपायच्या तीनेक तास आधी, आणि बैठकीमुळं उशीर होणार असेल तर संध्याकाळी सातला भाकरी खाऊन बैठकीला जायचं, परत आल्यावर फार तर दूध. दिवसातून अर्धा तास पायी. गट अधिकाऱ्याने फडापर्यंत गाडी नेऊ नये, बांधावर लावून चालत जावं. चालणं होतं आणि टोळीला साहेब पायी आल्याचं बरं वाटतं. चाळिशी ओलांडली असेल तर रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासून घ्या.

घोरणं मात्र थट्टेवारी नेऊ नका. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग दचकून सुरू होतो, सकाळी डोकं दुखतं, आठ तास झोपूनही सभेत मान पडते, असं असेल तर ते घशातली वाट झोपेत बंद होण्याचं लक्षण असू शकतं. त्याने रक्तदाबही चढतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तिथं कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडं झोपेची तपासणी कुठं होते ते विचारा. यावर उपाय आहेत, वजन उतरवण्यापासून रात्री लावायच्या हवेच्या मास्कपर्यंत. आणि आठवड्यात तीन-तीन रात्री झोप लागत नाही, हे तीन महिने चाललंय, असं असेल तरीही डॉक्टरच. मेडिकलमधून गोळी मागून आणू नका. जुन्या निद्रानाशावर आधी सवयी आणि विचारांवरची उपचारपद्धत वापरतात, गोळी नंतर.

तुमच्या हाताखालच्यांची रात्र

हे शेवटी लिहितोय, पण मला ते कळलंही शेवटीच. स्वतःची झोप सावरल्यावर दोन हंगामांनी लक्षात आलं की माझ्या हाताखालच्या माणसांची झोप मीच मोडत होतो. तोडीचा कार्यक्रम मी रात्री दहाला बसून करायचो. चिठ्ठ्या चिटबॉयकडं अकराला जायच्या, मुकादमाकडं बाराला. उद्या कुठल्या फडात जायचं हे टोळीला मध्यरात्री कळायचं, आणि पहाटे तीनला बायका भाकऱ्या थापायला उठायच्या. कारखान्याचा त्यात काही नियम नव्हता. माझी सवय होती फक्त.

अमेरिकेत ख्रिस्तोफर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साहेबांच्या झोपेचा रोजचा हिशेब ठेवून बघितलं होतं. साहेबाची रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी तो हाताखालच्यांशी जास्त वाईट वागतो, आणि त्यांचं कामातलं मन उतरतं. मी तर त्याच्या एक पाऊल पुढं होतो. माझ्या जागरणाने त्यांची मनंही बिघडत होती आणि झोपही.

तेव्हा तुमच्या कामात बघा, कुठली गोष्ट केवळ तुमच्या सोयीने रात्री होते. पाळीचं वेळापत्रक आदल्या रात्री लागतं का? ते आठ दिवस आधी लावा. सभेची नोटीस रात्री अकराला गटात पडते का? लिहून ठेवा, सकाळी आठला टाका. ज्याची रात्रपाळी सुटली त्याला सकाळच्या मीटिंगला बसवता का? त्याचं म्हणणं पाळी सुटताना पाच मिनिटांत उभ्याउभ्या ऐकून घ्या आणि घरी सोडा.

मी तोडीचा कार्यक्रम दुपारी तीनला करायला लागलो. काट्यावरचे सकाळचे आकडे तोपर्यंत आलेले असतात, डोकं जागेवर असतं, आणि काही शंका आली तर शेतकऱ्याला फोन करता येतो. चिठ्ठ्या संध्याकाळी पाचला टोळ्यांवर पोचायला लागल्या. तिसऱ्या दिवशी दोन मुकादम काळजीने ऑफिसात आले. दारातच घुटमळले, मग एकाने विचारलं, "सायेब, चिठ्ठ्या एवढ्या लवकर? कारखाना बंद पडतुया का काय?"